घरची म्हणून न लिहिलेली ओळ

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत लग्न निघालं की अजूनही नुसती पत्रिका धाडून भागत नाही. घरातल्या कोणीतरी मोठ्यानं दारोदार जायचं, समोरच्याच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं "लग्नास यावें" म्हणायचं. ऑटोवाला अर्ध्यातच कंटाळतो, प्रत्येक घरी कॉफी होते, संध्याकाळी पोटात नुसती जळजळ होते. पण हे सगळं परक्यांसाठी. घरच्या माणसाला अक्षता नसतात.

माझ्या लग्नात मी नको तिथं शहाणपण केलं. ओरत्तनाडूला माझी आत्या राहायची, वडिलांची सख्खी बहीण. तिचा मान ठेवावा म्हणून मी मुद्दाम बसनं जाऊन तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. आत्यानं त्या घेतल्या आणि मला जेवायला घातलं. लग्नाच्या दिवशी मात्र ती येऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. कोठीची किल्ली हातात घेईना, नवरीला काय हवं-नको विचारीना. वडील विनवायला गेले तर म्हणाली, "मज बोलावणें आलें अहे. मी पाहुणी." ती जेवणाच्या पंगतीतही पाहुण्यांबरोबरच बसली. वडील त्या दिवशी मला जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली. आपल्या माणसाला सांगायचं नसतं. सांगितलं की ते परकं होतं.

ही समजूत घेऊन मी आयुष्यभर वावरलो आणि ती मला कुठं नडली नाही. नडली ती एका वेबसाइटवर.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वेबसाइटचा नाद मला उशिरा लागला. आमची मराठी इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की ती आता धड तिकडची नाही आणि इकडची तर नाहीच. पोरांना कळते, पण बोलायला सांगितलं की ती तमिळमध्ये उत्तर देतात. देवनागरी वाचता येणारी माणसं घरोघरी शोधावी लागतात. मी स्वतः ती लिपी नोकरी लागल्यावर शिकलो. तर म्हटलं, आपल्या घरांतले शब्द, सणवार, जुन्या छत्रांच्या, म्हणजे राजांनी बांधलेल्या धर्मशाळांच्या, गोष्टी असं सगळं एका ठिकाणी लिहून ठेवावं. एकाच मजकुराची दोन पानं केली, एक देवनागरीत आणि एक तमिळ अक्षरांत. पुढं खर्च निघावा म्हणून जाहिराती घेतल्या.

जाहिराती घ्यायच्या तर एक काम करावं लागतं. ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाइल आपल्या साइटच्या अगदी दर्शनी जागी ठेवायची. आमच्या पानांवरची जाहिरातीची जागा आमच्या वतीनं कोण कोण विकू शकतं, त्यांची नावं तिच्यात लिहायची. मागं म्हणे भामटे लोक दुसऱ्याच्या साइटच्या नावानं जागा विकून पैसे खायचे, त्याला आळा बसावा म्हणून ही सोय निघाली. आता जाहिरातीसाठी जागा विकत घेणाऱ्यांची यंत्रं आधी ती फाइल वाचतात. विकणाऱ्याचं नाव तिच्यात असलं तर सौदा, नसलं तर ती आल्या पावली परत जातात. यंत्रांना ओळखपाळख नसते.

या साइटवर सगळ्यात जास्त कोणी लिहिलं असेल तर ते माझ्या वैनींनी. माझे थोरले भाऊ गेल्यापासून वैनी तिरुवैयारुला एकट्याच राहत होत्या, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भावानं बांधलेल्या घरात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, म्हणून त्या मला अरेतुरे करतात आणि मी त्यांना अहोजाहो. सुरुवातीला मी त्यांच्याकडून एकच गोष्ट लिहून मागितली होती, डांगरपचडीची. त्यांनी तमिळ अक्षरांत चार पानं लिहून दिली. उडदाचं पीठ किती भाजायचं हे चौथ्या पानावर आलं. आधीची तीन पानं त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, ताक घुसळताना कोणाला काय बोलायची यातच गेली होती. मी ती काटछाट न करता तशीच चढवली, आणि माझ्या हातून झालेलं हे एक बरं काम.

मग त्या थांबेचनात. रसवांगी, सुरळी, बाळंतिणीचा काढा, श्राद्धाच्या दिवशी काय शिजवायचं नाही, नवी सून आली की तिला पहिल्यांदा कोणतं भांडं घासायला द्यायचं. माझ्या छत्रांच्या गोष्टी त्या गर्दीत कुठल्या कुठं गेल्या. शेवटी मी त्यांना वेगळी खोली काढून दिली. वेबच्या भाषेत त्याला सबडोमेन म्हणतात. नाव आपलंच, फक्त त्याच्यापुढं एक शब्द जास्त. मी 'सैंपाक' हा शब्द लावला, आमच्याकडे स्वयंपाकाला तसंच म्हणतात. वैनींना त्याचा फार आनंद झाला. "माझें वेगळें दार केलेंस की रे," म्हणाल्या.

त्यांचा मुलगा चेन्नईत नोकरीला असतो. आईनं तिकडं यावं असा त्याचा धोशा होता. त्यात काही गैर नव्हतं. आई एकटी, गुडघे दुखतात, घराचं छप्पर पावसाळ्यात गळतं आणि दुरुस्तीला दर वर्षी त्यालाच धावावं लागतं. पण वैनींना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी त्याच्याशी करार केला. "पुढच्या पोंगलपर्यंत बघू. माझ्या लिहिण्याच्या जाहिरातींतून घराचें निघालें तर मी इथेंच राहीन. नाही निघालें तर तूं म्हणशील तसें." मुलगा हसला, पण कबूल झाला. तोच पुढाकार घेऊन एका वेगळ्या विक्रेत्याकडे गेला, आईच्या नावानं खातं काढलं, म्हणजे पैसे माझ्याकडून न फिरता थेट तिला मिळावेत. विक्रेत्यानं दिलेल्या ओळी त्यानं वैनींच्या सबडोमेनवर तसल्याच फाइलीत घातल्या. विक्रेत्यानं एक सूचनापत्र मलाही पाठवलं, कारण मुख्य साइट माझी.

ते पत्र मी वाचलं. वाचलंच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यात खाली स्पष्ट लिहिलं होतं की सबडोमेनची फाइल वेगळी असेल तर मुख्य साइटच्या फाइलीत तसं सांगणारी एक ओळ घाला. आमचं अमुक एक सबडोमेन आहे, त्याची यादी तिथं जाऊन वाचा, एवढ्या अर्थाची एकच ओळ. मी वाचलं आणि मनात म्हटलं, वैनींचं पान आपल्याच नावाखाली आहे, आपल्याच घरातलं आहे. परक्या विक्रेत्यांची नावं लिहायची ते ठीक, पण घरच्यांची ओळख कसली करून द्यायची? कोणीही नाव वाचलं की कळेलच. हा आळस नव्हता. आळस असता तर आज इतकं टोचलं नसतं. मला ते खरोखरच बरोबर वाटलं होतं.

यंत्रांना ते कळलं नाही. ती माझ्या दाराशी यायची, माझी यादी वाचायची. तिच्यात वैनींच्या विक्रेत्याचं नाव नाही, आत आणखी एक दार आहे याची खूणही नाही, मग ती निघून जायची. वैनींच्या दारावर त्यांची स्वतःची यादी व्यवस्थित लावलेली होती, पण तिथपर्यंत कोणी जायचंच नाही. त्यांच्या पानांवर जाहिरातींच्या जागी पांढऱ्या चौकटी दिसायच्या.

यातलं मला काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक माझंच कर्म. सुरुवातीला वाचकांना पानाखाली लिहिता यायचं. महाराष्ट्रातल्या कोणा गृहस्थानं माझ्या एका लेखाखाली लिहिलं, "हे कुठलं मराठी?" माझं डोकं फिरलं. तीनशे वर्षं आम्ही परमुलखात ही भाषा तोंडात धरून बसलोय आणि हा विचारतो कुठलं मराठी! त्या रागाच्या भरात मी सबंध साइटवरची ती सोयच बंद करून टाकली. वैनींच्या पानांवरचीही. त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. घरातल्या घरात काय विचारायचं?

म्हणजे वैनींना आपलं कोणी वाचतं की नाही हे कळायला एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे जाहिरातींची कमाई. ती तर काहीच होत नव्हती. माणसांची ये-जा मोजणारा एक तक्ता असतो, पण त्याची किल्ली माझ्याकडे होती आणि मी माझ्या पानांपलीकडे कधी बघितलं नव्हतं.

पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यात मी तिरुवैयारुला गेलो होतो. पिशवीत तपासायचे पेपर होते, डोक्यातही तेच. वैनींनी बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या ओट्यावर, कॉफी आणून दिली आणि समोर बसल्या. सकाळची कोलमची रांगोळी अजून पुसली नव्हती. त्यांनी विचारलं, "खरें सांग, माझें तें कोणी वाचतो कां?"

एवढा साधा प्रश्न. फोन माझ्या खिशात होता. तक्ता उघडून बघायला कॉफी निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नसता. पण मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हल्लीं वाचतो कोण, वैनी? सगळे व्हिडिओच बघतात."

त्यांनी कॉफीचं भांडं उचललं. मग म्हणाल्या, "सरी. होय, मजही तसेंच वाटलें." आणि माझ्या पेल्यात उरलेली कॉफी ओतली. वर आणखी मी त्यांना धीर देण्याच्या सुरात म्हणालो की छंद म्हणून चालू ठेवा, तेवढाच विरंगुळा. त्यांनी मान डोलावली. मी बसची वेळ झाली म्हणून उठलो. तो 'विरंगुळा' हा शब्द मला आता कुठं वाचायला मिळाला तरी मी पान उलटतो.

पोंगल झाला. वैनींनी शब्द पाळला. मुलानं घर शेजाऱ्यांना विकलं, त्यांना मागच्या अंगणासाठी ते हवंच होतं. पाटा-वरवंटा चेन्नईच्या फ्लॅटमध्ये कुठं ठेवणार म्हणून वैनींनी तो समोरच्या घरी देऊन टाकला. निघायच्या दिवशी मीच गाडीत सामान चढवलं. भावाच्या घराला कुलूप लागताना बघवलं नाही, पण मनात म्हटलं, झालं ते वैनींच्या भल्याचंच झालं. त्यांनी लिहिणं त्या आधीच थांबवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या साइटचा जाहिरात विक्रेता बदलायचा होता, म्हणून मी फाइलीत नवीन नाव घातलं आणि त्यांना तपासायला सांगितलं. त्यांच्याकडून उत्तर आलं. फाइल ठीक आहे, पण तुमच्या नावाखाली एक सबडोमेन दिसतं, त्यावर वेगळी यादी आहे. तुमच्या मुख्य फाइलीत त्याचा उल्लेख नसल्यानं ती यादी कोणी धरत नाही. ते तुमचंच आहे का? असेल तर एक ओळ वाढवा.

ते तुमचंच आहे का, हा प्रश्न मी पुन्हापुन्हा वाचला. मग पहिल्यांदाच वैनींच्या पानांचा तक्ता उघडला. माणसंच माणसं होती. माझ्या छत्रांच्या गोष्टींकडे ढुंकून न बघणारे लोक वैनींच्या ताकाच्या गोष्टीवर थांबत होते, एक संपली की दुसरी उघडत होते. बेंगळुरू, कोइंबतूर, पुणे, समुद्रापलीकडची गावं. आमचीच पांगलेली घरं असणार ती. मी तिण्णैवर बसून "वाचतो कोण" म्हणालो त्या आठवड्यातही ती तिथं होती. त्यांनी लिहिणं बंद केलं तरी लोक जुनीच पानं परत परत उघडत होते.

मी ओळ घातली. घालायला काहीच लागलं नाही, हे जास्त लागलं. थोड्याच दिवसांत त्या पांढऱ्या चौकटींत तिळाच्या तेलाच्या, भांड्यांच्या, प्रेशर कुकरच्या जाहिराती दिसायला लागल्या. मला त्या कुकरचा इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो.

वैनींना सांगायला तर हवं होतं. मी फोन केला, आणि सांगताना भ्यालो. म्हणालो, "वैनी, तुमच्या पानांवर जाहिराती येऊं लागल्या बघा."

"अय्यो! अत्ता?" त्या हसल्या. "मी लिहायचें सोडल्यावर लोक वाचूं लागले कां रे?"

मी म्हणालो, "हं, तसेंच कांहीं तरी."

"म्हणजे मी लिहीत होतें तेंच त्यांस नडत होतें," असं म्हणून त्या आणखी हसल्या आणि नातीला जेवायला घालायचं आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला. चूक माझी, आणि मी ती अशी काही सांगितली की तिचं खापरही त्यांच्याच माथी फुटलं. असा कमीपणा मला कधी वाटला नव्हता. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की फोनवर नको, समोर जाऊन बोला. जायला मला बरेच महिने लागले. निमित्त मात्र आपोआप आलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि चेन्नईतल्या लोकांना बोलवायला मी अक्षतांची पिशवी घेऊन निघालो.

वैनींच्या घरी सगळ्यात शेवटी गेलो. तिथं अक्षता द्यायच्या नव्हत्या, नुसतं बसायचं होतं. मुलगा ऑफिसात होता. फ्लॅट चांगला आहे, हवेशीर आहे, लिफ्ट आहे. वैनी खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. माझ्या मुलीच्या लग्नात काय काय करायचं हे त्यांनी लगेच सुरू केलं. सुरळीसाठी बेसन कुठलं आणायचं, कोठीत कोणाला बसवायचं, मुलीला निघताना ओटीत काय घालायचं. भाऊ गेल्यानंतर आमच्या घरातलं हे पहिलंच कार्य, आणि घरात मोठ्या आता त्याच. त्या अगदी उत्साहानं बोलत होत्या.

मी त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं. फाइल म्हणजे काय, ओळ कोणती, पत्र कधी आलं, मी काय समजलो. वाचकांना लिहायची सोय मी बंद केली हेही सांगितलं. त्या दिवशी तिण्णैवर मी न बघताच बोललो, हेही.

वैनींनी फाइलीबद्दल काहीच विचारलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हांही वाचत होते?"

"होय, वैनी."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"मग घर द्यावयाचें नव्हतें," त्या म्हणाल्या. माझ्यावर रागावून नव्हे, स्वतःशी हिशेब लागल्यासारखं.

मी म्हणालो, तुम्ही घरच्या म्हणून मी वेगळं लिहिलं नाही. हे बोलताना मला वाटत होतं की निदान एवढं तरी त्यांना समजेल, कारण ही आमच्याच घरातली रीत आहे. मी त्यांना ओरत्तनाडूच्या आत्याची आठवण करून दिली. त्यांना ती आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्या वेळी कोठी आत्याऐवजी त्यांनीच सांभाळली होती.

"घरची म्हणून तूं मज विचारलें नाहींस, सांगितलें नाहींस, बघितलेंही नाहींस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर मी पाय धरून मोकळा झालो असतो.

त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. अक्षतांचा डबा वरच होता. त्यांनी उजवा हात पदराला पुसला आणि माझ्यापुढं केला.

"मजही दे," म्हणाल्या.

मी "वैनी, नको," म्हणालो. दोनदा म्हणालो. हात तसाच होता. नात दारातून बघत होती, ती आजीला तमिळमध्ये काहीतरी विचारत होती, आणि वैनी तिला उत्तर न देता माझ्या डब्याकडे बघत होत्या.

मी डबा उघडला, त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि "लग्नास यावें" म्हणालो. त्या म्हणाल्या, "येतें."

त्या आल्या. पहिल्या रांगेतली खुर्ची मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, पण त्या मागं पाहुण्यांत बसल्या. कोठीची किल्ली दिवसभर माझ्याच खिशात राहिली.